मनात शंका असताना येशूची आज्ञा पाळावी का, की आधी विश्वास पक्का होऊ द्यावा?

शंका मिटेपर्यंत थांबू नका. जेवढं कळलंय तेवढं पाळायला लागा, विश्वास बहुतेक वेळा त्याच वाटेवर वाढतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 5 व्या अध्यायात, रात्रभर एकही मासा न मिळालेला शिमोन पेत्र, स्वतः मुरलेला कोळी असून, केवळ येशूच्या शब्दावरून पुन्हा जाळी सोडतो. खात्री पटल्याचं त्याच्या बोलण्यात कुठेच नाही. लूक 17 मधले दहा कुष्ठरोगी तर येशूने सांगितल्यावर, बरे होण्याआधीच याजकांकडे (यहूदी पुरोहितांकडे) निघाले आणि जाता जाता शुद्ध झाले. (आभार मानायला परतला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला!) मात्र आज्ञा ख्रिस्ताची पाळायची, चर्चचे पाळकसाहेब सांगतील ते सगळं डोळे मिटून नव्हे. बिरुया शहरातले लोक प्रेषित पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून पाहत (प्रेषितांची कृत्ये 17:11).