२२ हजार सोडून १९,९०० ला जायचं का?

परभणी जिल्ह्यातल्या एका वडिलांचं चार पानी पत्र आलं आहे. ते एका नगरपरिषदेत पाणीपुरवठ्यावर ठेकेदाराकडे कामाला आहेत, बारा वर्षं झाली. मुलगी बी.कॉम. आहे आणि दोन वर्षांपासून एका सरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत संगणक चालक म्हणून बसते. तिची आता हिंगोली जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून निवड झाली आहे. आदेशात वेतनश्रेणी लिहिलीय 'एस-६ : १९,९००-६३,२००'. हे कळताच एजन्सीवाल्याने तिला सांगितलं, 'पुढच्या महिन्यापासून २२ हजार देतो, जाऊ नको.' वडील लिहितात, "लेकरू जायचं म्हणतंय, तिची आई नको म्हणती. घरचं गाव सोडून, २२ सोडून १९ ला काहून जायचं? आणि हे आकडे ठरवतं तरी कोण? माझी रोजंदारी ठरवणारा कोणी आहे का?"

भाऊ, नमस्कार. मुलीला जाऊ द्या. आदेशात दिलेल्या मुदतीत, शेवटच्या दिवसाची वाट न बघता रुजू होऊ द्या. आता कारण सांगतो, कारण घरात ताईंना समजवायचं काम तुमच्याकडेच आहे.

तुमची गल्लत झाली ती १९,९०० या आकड्यावर. तो पगार नाही, ते मूळ वेतन आहे. त्याच्यावर महागाई भत्ता चढतो. जानेवारी २०२५ चा ५५ टक्के दर धरला तरी १०,९४५ रुपये होतात. दोन्ही मिळून ३०,८४५. घरभाडे भत्ता हिंगोलीसारख्या ठिकाणी सगळ्यात खालच्या वर्गाचा मिळतो, तरी दोनेक हजार धरा. (संभाजीनगर आणि नांदेड वरच्या, म्हणजे 'वाय' वर्गात आहेत, तिथे हा भत्ता जास्त.) त्यातून निवृत्तिवेतन योजनेचे १० टक्के, म्हणजे ३,०८५ रुपये कापले जातील, व्यवसाय कर आणि गटविमा जाईल. हातात एकोणतीस हजारांच्या पुढे-मागे काहीतरी पडेल. शिवाय निवृत्तिवेतनाच्या खात्यात सरकार स्वतःचे १४ टक्के, म्हणजे दरमहा ४,३१८ रुपये वेगळे टाकतं. ते पगाराच्या चिठ्ठीत डोळ्यांत भरत नाहीत, म्हणून लोक मोजतच नाहीत.

आता एजन्सीचे २२ हजार बघू. मुलीला एवढंच विचारायला सांगा, 'साहेब, हे २२ तुमच्या बिलातले की माझ्या खात्यातले?' माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ मुलांच्या बाबतीत आकडा बिलातला, म्हणजे एजन्सी कार्यालयाकडून घेते तो, निघतो. भविष्यनिर्वाह निधीचा तिचा हिस्सा त्यातून जातो, आणि मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा हिस्साही त्यातूनच वळता होतो. १५ हजारांच्या मर्यादेवर हिशेब केला तरी तिचे १,८०० आणि मालकाचे साधारण तेवढेच गेले की २२ चे अठरा होतात. वर तो आकडा तोंडी आहे. लेखी दिलाय का? दिला असता तर तुम्ही पत्रासोबत त्याचीही झेरॉक्स जोडली असती. निवडीच्या आदेशाची जोडली आहे ना!

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. आकडा ठरवतं कोण?

१९,९०० हा आकडा कुठून आला ते जरा बारकाईने बघा, मजेशीर आहे. १९५७ मध्ये दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. कामगाराला कमीत कमी किती मिळावं याचं माप तिथे ठरलं, आणि त्यासाठी आधार घेतला आयक्रॉइड नावाच्या आहारतज्ज्ञाच्या हिशेबाचा. त्यात घर म्हणजे खाणारी तीन माणसं. नवरा एक, बायको ०.८, आणि दोन लेकरं प्रत्येकी ०.६. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने २०१५ मध्ये हेच माप घेऊन किराण्याची यादी मांडली. माणशी रोज ४७५ ग्रॅम तांदूळ किंवा गहू, म्हणजे घराला महिन्याला ४२.७५ किलो. डाळ माणशी ८० ग्रॅम. दूध २०० मिली. तेल ४० ग्रॅम. साखर-गूळ ५६ ग्रॅम. महिन्याला ९० अंडी, ५ किलो मटण, अडीच किलो मासे. महिन्याला साडेपाच मीटर कापड. (आपल्याकडे किती घरांत महिन्याला पाच किलो मटण शिजतं ते सोडा, कागदावर तरी शिजवलंय.) त्यावर सरपण, वीज, पाणी यांचे २० टक्के, लग्नकार्य आणि सणवारांचे १५ टक्के, असं करत बेरीज १८,००० वर नेऊन थांबवली. केंद्राच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन ते.

आधीच्या सहाव्या आयोगात हाच तळ ७,००० होता. १८,००० ला ७,००० ने भागा, २.५७ येतात. पेपरात 'फिटमेंट फॅक्टर' म्हणून जो शब्द सारखा छापून येतो तो हा. सहाव्या आयोगात लिपिकाची सुरुवात ७,७३० रुपयांची होती. त्याला २.५७ ने गुणा आणि वरच्या शंभरात न्या. १९,९००. तुमच्या मुलीच्या आदेशावरचा आकडा असा किराण्याच्या यादीतून निघाला आहे. त्या यादीत आजी-आजोबांना ताट नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. तुमच्या घरात, माझ्या घरात म्हातारी माणसं जेवतात की! कर्मचारी संघटनाही हे मोजायला सांगतात.

आपल्या राज्यात एक पायरी आणखी खाली आहे. महाराष्ट्रात शिपायाची एस-१ श्रेणी १५,००० पासून सुरू होते, केंद्रासारखी १८,००० पासून नाही. कारण तेच, सहाव्या आयोगातला आपला तळ ५,७४० होता, त्याला २.५७ ने गुणलं की पंधरा हजारांच्या जवळ येतं. खालची वीट जिथे ठेवली तिथूनच भिंत उठते. राज्य सरकार केंद्राचं जसंच्या तसं उचलत नाही, आपली समिती नेमतं. सातव्या आयोगाच्या वेळी बक्षी समिती होती. केंद्राला लागू झाला १ जानेवारी २०१६ पासून, आपल्याला तारीख तीच मिळाली पण रोखीने पैसे जानेवारी २०१९ पासून, आणि थकबाकी पाच हप्त्यांत. आता न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग बसला आहे, अहवालाला १८ महिन्यांची मुदत आहे. 'आठवा लागला की पगार दुप्पट' असं तुम्हाला हॉटेलात कोणी सांगितलं तर चहा प्या आणि घरी या. केंद्रानंतर राज्याचा नंबर लागेल, आणि मागचा अनुभव वर लिहिलाच आहे.

एजन्सीचा आकडा कुठून येतो? निविदेतून. ज्याचा दर कमी त्याला काम. त्यात तुमच्या घरात किती माणसं जेवतात याचा हिशेब कुठेच येत नाही. निविदा बदलली, एजन्सी बदलली की २२ चे परत १८ होऊ शकतात, आणि तीच मुलगी त्याच खुर्चीवर 'नवीन' म्हणून बसते.

म्हणून मी मुलांना नेहमी सांगतो, जाहिरात वाचताना आकड्याच्या आधीचा शब्द वाचा. 'वेतनश्रेणी' लिहिलंय, 'एकत्रित मानधन' लिहिलंय, की 'तासिका तत्त्वावर'? वेतनश्रेणीला शिडी असते. तुमच्या मुलीला वर्षाने २०,५००, मग २१,१००, असं करत दहा वर्षांनी मूळ वेतनच २६,८०० होईल, भत्ते त्याच्यावर. दहा, वीस आणि तीस वर्षांवर पदोन्नती मिळाली नाही तरी आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे वरच्या श्रेणीच्या वेतनाचा, लाभ असतो. मानधनाला शिडी नसते, कोणीतरी वरून दोर सोडेल तेव्हाच वर जायचं. शिक्षणसेवकांचं बघा, ६,००० वर कितीतरी वर्षं अडकले होते, २०२३ मध्ये १६,००० झाले. तेही तीन वर्षं काढायची, मग श्रेणी. कनिष्ठ सहायकाला ही भानगड नाही, पहिल्या दिवसापासून पूर्ण श्रेणी. मी स्वतः उमेदीची चार वर्षं एका महाविद्यालयात तासिकांवर काढली. तासांचे पैसे परीक्षा संपून उन्हाळा लागला की हातात पडायचे, आणि तेही तास कापून. त्यामुळे या विषयावर मी जरा कडक बोलतो, राग मानू नका.

एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. जुनी पेन्शन तिला नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना ती बंद झाली, त्यासाठीच मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप झाला होता. आणि पहिला पगार लगेच हातात पडेल असंही समजू नका. वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, सेवापुस्तक, निवृत्तिवेतन खात्याचा क्रमांक, पगाराच्या संगणकात नाव चढणं, या सगळ्यात दोन-तीन महिने सहज जातात. हिंगोलीत खोली, मेस, जाणं-येणं यासाठी तेवढ्या पैशांची सोय आधी करून ठेवा. सोयाबीनचे पैसे दुसरीकडे गुंतवू नका. सेवापुस्तकातली जन्मतारीख आणि रुजू दिनांक तिने स्वतः डोळ्यांनी तपासावा, आणि पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

बी.कॉम. आहे म्हणून एक पुढचं सांगतो. बसल्या जागी तिने लेखा व कोषागारे विभागाच्या कनिष्ठ लेखापाल पदावर लक्ष ठेवावं. ती श्रेणी एस-१० आहे, २९,२०० पासून. नोकरीत असताना परवानगी घेऊन परीक्षा देता येते. हिशेबाची आवड असेल तर वेतननिश्चिती, वेतन पडताळणी हे काम शिकलेल्या माणसाला कोणत्याही कार्यालयात लोक शोधत येतात. ज्याला दुसऱ्याचा पगार बरोबर काढता येतो त्याला कार्यालयात चहा स्वतः मागवावा लागत नाही.

आता तुमचं. 'माझी रोजंदारी ठरवणारा कोणी आहे का' असं लिहिलंय, ते वाचून थांबलो. आहे. १९४८ पासून किमान वेतनाचा कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. नगरपरिषदेच्या कामावरच्या माणसाला, मधे ठेकेदार असला तरी, किमान वेतन लागू आहे. त्याचे दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता. विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. गावाप्रमाणे परिमंडळ आणि कामाप्रमाणे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर वेगळे. बारा वर्षं वॉल्व्ह सोडणारा, गळती शोधणारा, मोटार दुरुस्त करणारा माणूस हजेरीपटावर 'अकुशल' म्हणून लिहिलेला असतो, हे मी किती ठिकाणी पाहिलंय. तुमचं काय लिहिलंय ते आधी बघा.

पत्रात तुम्ही पगाराची चिठ्ठी मिळत नाही असं म्हणता. ती मागा, लेखी मागा, नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एक प्रत द्या आणि पोच घ्या. ठेकेदाराने दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे नगरपरिषदेवर येते. तिथे हललं नाही तर परभणीच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. कमी मिळालेल्या वेतनाचा दावा नव्या संहितेत तीन वर्षांपर्यंतचा करता येतो, पूर्वी मुदत सहाच महिने होती. एकट्याने जाऊ नका. पाणीपुरवठ्यावरचे सगळे मिळून सह्या करा, म्हणजे उद्या एकट्याचं नाव हजेरीतून जायची भीती कमी.

काही जण तुम्हाला सांगतील की 'समान काम, समान वेतन' असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, तुम्हालाही श्रेणी मिळेल. निकाल आहे, २०१६ चा, पंजाबच्या प्रकरणातला. पण मधे ठेकेदार आला की ती वाट लांबते, वकिलाची फी लागते आणि वर्षं जातात. आधी किमान वेतन पदरात पाडून घ्या.

मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं पासबुक आणि हजेरीची नोंद जमेल तशी जमवा आणि मला पाठवा. कोणत्या परिमंडळाचा कोणता दर लागतो तो आकडा मी काढून देतो. आणि मुलीला सांगा, टंकलेखनाचं प्रमाणपत्र आणि एमएससीआयटीचं, दोन्हींच्या मूळ प्रती हिंगोलीला जाताना पिशवीत सगळ्यात वर ठेवायच्या.