संमोहनात शुद्ध हरपते का? कोल्हापुरात हे उपचार घ्यावेत का?

नाही, शुद्ध हरपत नाही. स्टेजवरच्या कार्यक्रमात कुणाला कोंबडा करून आरवायला लावतात, ते करमणुकीसाठी. दवाखान्यातलं संमोहन अगदी साधं असतं. खुर्चीत टेकून बसायचं, श्वासाकडे किंवा एका ठिपक्याकडे लक्ष द्यायचं, थेरपिस्ट संथ आवाजात बोलत राहतो. पापण्या जड होतात, हात सैल पडतात, पण बाहेरच्या केएमटी बसचा हॉर्न ऐकू येतो. नको वाटलं तर डोळे उघडून उठता येतं. मनाविरुद्ध कुणी काही करून घेऊ शकत नाही.

क्लोरोफॉर्म येण्याआधी, 1845 मध्ये, जेम्स एस्डेल या सर्जनने बंगालात हुगळीला मेस्मेरिझम या संमोहनाच्या जुन्या पद्धतीने रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. आज वेदना, ऑपरेशनआधीची भीती आणि आयबीएस, म्हणजे वारंवार बिघडणारं, ताणाने आणखी त्रास देणारं पोट, यांत संमोहनाचा चांगला उपयोग होतो. सिगारेट सोडवण्यासाठी मात्र पुरावा कच्चा आहे. सगळ्यांवर परिणामही सारखा होत नाही.

हरवलेल्या आठवणी किंवा मागचा जन्म काढून देतो म्हणणाऱ्याकडे कृपया जाऊ नका. संमोहनात खोट्या आठवणी तयार होऊ शकतात आणि माणूस त्या खऱ्या मानून बसतो, घरं तुटतात त्यापायी. भास होत असतील, सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार, असेल तर संमोहन नकोच. आधी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, चालू गोळ्या बंद करू नका, आणि थेरपिस्टची मानसशास्त्रातली पदवी बिनधास्त विचारा.