स्वतःचा लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) पहिल्यांदाच सोर्सपासून बांधायचाय, सोप्यात सोपी वाट कोणती?

मेन्यूकॉन्फिग म्हणजे कर्नलमध्ये काय असावं ते निवडायच्या मेन्यूच्या हजारो पर्यायांत शिरूच नका, नवखा तिथेच गळपटतो. इथे इंदूरला माझा भाचा दोन संध्याकाळी एकेका ड्रायव्हरचा अर्थ शोधत बसला होता, कर्नल काही झाला नाही.

त्यापेक्षा चालू कर्नलची कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमधून उचला, सोर्सच्या फोल्डरात डॉट-कॉन्फिग नावाने ठेवा आणि 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवा. 2009 मध्ये आलेल्या 2.6.32 पासून ही सोय कर्नलमध्येच आहे. त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ठेवून ती बाकीचे गाळते, त्यामुळे बिल्डचा (कर्नल बांधायचा) वेळ एकदम खाली येतो. मात्र आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, जे जे वापरता ते सगळं जोडून घ्या. भाच्याने नंतर ही वाट धरली तेव्हा सगळं जोडलं नव्हतं; नवा कर्नल झोकात उठला, पण वायफायचा डोंगल मेलेला! आम्ही पोहे-जिलबी खात पुन्हा बिल्ड लावला.

उबुंटूवर बहुतेकदा सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड अडतो. घाबरू नका, कॉन्फिगमधल्या 'सिस्टम ट्रस्टेड कीज' आणि 'सिस्टम रिव्होकेशन कीज' या दोन ओळी रिकाम्या करा. डीबग इन्फोही (चुका शोधायला लागणारी जादा माहिती) बंद करा, नाहीतर डिस्क भरते.

शेवटी 'मेक बिनडेब-पीकेजी'. डेब पॅकेज (उबुंटूसारख्यांत इन्स्टॉल करायची फाइल) तयार होतं, नको झालं की नेहमीसारखं काढता येतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला कर्नल उठणार नाही. जुना कर्नल मात्र ग्रबमध्ये (सुरू होताना कर्नल निवडायच्या मेन्यूत) राहू द्याच.