जुईचा नंबर कोणाच्या नावावर?

(लेस्टरच्या एका यार्डात वापरलेल्या गाड्यांची कागदपत्रं बघणाऱ्या ताई या सदरात ब्रिटनमधल्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळची तिन्ही पत्रं जुन्या नंबरांची आहेत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची जुई नुकतीच ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली. तिच्यासाठी २०१४ ची छोटी गाडी घेतली आहे. एका डीलरकडे ‘जे-यू-आय’ आणि पुढे चार आकडे असा जुन्या धाटणीचा नंबर काहीशे पौंडांत दिसला. वाढदिवसाला द्यायचा विचार आहे. तो तिच्या गाडीला चालेल का? यात फसायला कुठे होतं?
– जुईचे बाबा, मिल्टन कीन्स

उत्तर : चालेल की! आणि लेकीचं नाव जुई ठेवलंत ते बरंच झालं, स्वस्तात सुटलात. इंग्लंडच्या नंबरांत ‘आय’ हे अक्षर मिळतच नाही. ‘आय’ आणि ‘झेड’ १९०३ च्या मोटार कायद्यापासूनच आयर्लंडसाठी राखलेली. त्यामुळे शिव, साई, सिद्धी अशी नावं हवी असणारे ‘आय’च्या जागी एकचा आकडा घालून भागवतात आणि त्याचे भरपूर पैसेही मोजतात. ‘यू-आय’ मात्र उत्तर आयर्लंडमधल्या डेरीची अक्षरं. तिथे नंबरात गाडीच्या वर्षाची खूण घालायची पद्धत कधी आलीच नाही, आजही तीन अक्षरं आणि चार आकडे असे नंबर निघतात. माल भरपूर, म्हणून भाव कमी. या नंबरांचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे सहलीच्या बसवाले. बसचं वय पाटीवरून कळू नये एवढाच त्यांचा हेतू. सहलीला जाल तेव्हा बसच्या पाटीकडे एकदा बघा.

नियम असा की नंबरामुळे गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसता कामा नये. जुनी दिसली तर कुणाची हरकत नाही. २०१४ च्या गाडीला २०२० चा नंबर चढवता येणार नाही. वर्षाची खूण नसलेला नंबर कोणत्याही वर्षाच्या गाडीला चालतो.

आता फसण्याचं. जाहिरातीतल्या किमतीत व्हॅट आणि डीव्हीएलएची (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याची) ८० पौंड फी धरली आहे का, हे आधी लेखी विचारा. ‘काहीशे’चे बघता बघता दीडपट होतात. नंबर ‘व्ही७७८’ किंवा ‘व्ही७५०’ या कागदावर असेल. पहिला गाडीवरून काढून ठेवलेल्या नंबराचा, दुसरा कधीच गाडीवर न चढलेल्या नंबराचा. दोन्ही १० वर्षं चालतात आणि मुदत संपण्याआधी फुकट वाढवून मिळतात. कागद हातात असेल तर चढवायला वेगळी फी नाही, ती आधीच भरलेली असते.

पण खरी मेख पुढेच आहे. नंबर कागदावर असतो तोवर तो कागदावरच्या माणसाचा. गाडीवर चढला, की त्यावरचा हक्क त्या गाडीच्या लॉगबुकात, म्हणजे नोंदणीच्या कागदात, ‘रजिस्टर्ड कीपर’ म्हणून ज्याचं नाव आहे त्याचा. पैसे कोणी दिले हे डीव्हीएलए विचारत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका सोलापूरकर गृहस्थांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा नंबर कंपनीने दिलेल्या गाडीवर चढवला. नोकरी सोडली तेव्हा गाडीबरोबर नंबरही कंपनीकडे राहिला. कीपर कंपनीच होती, तक्रार कोणाकडे करणार? म्हणून जुईचं लॉगबुक काढा आणि नाव बघा. तिचं असेल तर भेट खरोखर तिची. तुमचं असेल तर नंबर तुमचा, ती फक्त मिरवणार. तेही वाईट नाही म्हणा, पण ठरवून करा.

नंबर चढल्याचं नक्की होईपर्यंत नवी पाटी लावू नका. पाटी करणारा तुमचं ओळखपत्र आणि लॉगबुक मागेल, न मागणाऱ्याकडे जाऊच नका. अक्षरं ७९ मिलिमीटर उंच, दोन अक्षरांत ११ मिलिमीटर अंतर, दोन गटांत ३३. नाव नीट वाचता यावं म्हणून अंतरं ओढाताण करून बदलली तर १,००० पौंडांपर्यंत दंड आहे आणि गाडी एमओटीतही (गाडीच्या वार्षिक तपासणीत) नापास होते. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. लंडनला जात असाल तर कंजेशन चार्ज (गर्दीच्या भागाचं शुल्क) आणि युलेझ (प्रदूषणाचं शुल्क) यांच्या ऑटोपेमधला नंबरही बदला. हे विसरणारी मंडळी दंडाच्या पावत्या घेऊन माझ्या टेबलाशी येतात, जणू मीच पाठवल्या.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर मार्चमध्ये गेले. त्यांच्या गाडीला त्यांच्या आद्याक्षरांचा नंबर आहे. मला गाडी चालवता येत नाही, ती विकायची आहे. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, नंबर आपल्याकडेच राहू दे, जमलं तर मी इकडे लावेन. जमेल का?
– हॅरोहून

उत्तर : काकू, आधी मुलाचं सांगते. पुण्याच्या गाडीला नंबर पुण्याचं आरटीओ देतं, इथल्या नंबराचा तिथे काही उपयोग नाही. पण तो तुमच्या घरात ठेवता येतो, आणि पुढेमागे इथल्या नातवंडाच्या किंवा भाच्याच्या गाडीला लावता येतो.

मात्र क्रम चुकवू नका. आधी नंबर काढायचा, मग गाडी विकायची. गाडी नंबरासकट गेली तर नंबर घेणाऱ्याचा झाला. आणि भंगारात गेली तर तो कोणाचाच राहत नाही. ‘व्ही३१७’ फॉर्म, लॉगबुक, मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची किंवा प्रोबेटची प्रत आणि मृत्युपत्रात नेमलेल्या सर्व व्यवस्थापकांच्या सह्यांचं पत्र, असं सगळं ८० पौंडांसह स्वान्सीला डीव्हीएलएकडे पाठवायचं. पाठवण्यापूर्वी सगळ्याच्या प्रती काढून ठेवा. गाडीला बहुधा तिचा मूळ नंबर परत मिळेल. नवं लॉगबुक हातात आलं की जाहिरात द्या.

आणखी एक. मृत्यूची खबर दिल्यावर गाडीचा रोड टॅक्स रद्द होतो. गाडी दारात रस्त्यावर उभी असेल तर नव्याने टॅक्स भरा, नाहीतर ती खासगी जागेत हलवून ‘सॉर्न’, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं, जाहीर करा. सांत्वनाला येऊन “वहिनी, गाडी मीच घेतो, कागदाचं नंतर बघू” म्हणणारे भेटतील. त्यांना चहा द्या, किल्ली देऊ नका.

प्रश्न : केंटमधल्या एका शेतावरच्या शेडमधून १९५८ ची मॉरिस मायनर घेतली. काळी-चंदेरी पाटी शाबूत आहे, लॉगबुक नाही. मित्र म्हणतात, नंबर विकलास तर गाडीचे पैसे सुटतील. खरं का?
– जुन्या गाड्यांचा वेडा, मेडस्टन

उत्तर : मित्रांच्या भरवशावर शेड रिकामी केलीत वाटतं! डीव्हीएलएच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकून बघा. मॉरिस दिसली तर तुम्ही नशीबवान. ‘व्ही६२’ भरून नवं लॉगबुक मागवा आणि मग विक्रीचं बोलू. काहीच दिसलं नाही, तर ही गाडी पूर्वी काउंट्या ठेवत त्या नोंदणीच्या वह्यांतून डीव्हीएलएच्या संगणकावर आलीच नाही. ते काम १९८३ मध्ये बंद झालं.

अशा गाडीला तिचा मूळ नंबर ‘व्ही७६५’ योजनेतून परत मिळू शकतो. नंबर आणि चासी एकमेकांशी जोडणारा पुरावा हवा : जुनं पुठ्ठ्याचं लॉगबुक, किंवा काउंटीच्या नोंदवहीतल्या पानाची अभिलेखागाराने प्रमाणित केलेली प्रत. काही काउंट्यांच्या वह्या जपलेल्या आहेत, काहींच्या रद्दीत गेल्या. शिवाय मान्यताप्राप्त क्लबने गाडी तपासून शिक्का द्यायला हवा. नुसती पाटी पुरावा नाही, पाटी कोणीही ठोकतो. ज्याच्याकडून गाडी घेतलीत त्याला पुन्हा फोन करा. जुनी लॉगबुकं घरातल्या बिलांच्या गठ्ठ्यातच सापडतात.

इतकं करून नंबर परत मिळाला तरी तो त्या गाडीला कायमचा जखडलेला असतो. विकता येत नाही, दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही. पुरावा नाहीच मिळाला तर गाडीच्या वयाला शोभेल असा दुसरा नंबर देतात, तोही न हलणारा. मला विचाराल तर हा नियम चांगला आहे. पूर्वी नंबरासाठी गाडी घ्यायची, नंबर काढून घ्यायचा आणि गाडी भंगारात, असले धंदे चालत.

काळी-चंदेरी पाटी मात्र ठेवता येईल. १९८० पूर्वी बनलेली गाडी ‘हिस्टॉरिक’ टॅक्स वर्गात नोंदवली की ती कायदेशीर आहे. तो वर्ग आपोआप मिळत नाही, लॉगबुक आल्यावर अर्ज करावा लागतो.