नागपुरात स्थानिक फुटबॉलचा सामना बघायला दहा वर्षांच्या मुलीला न्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून बदली होऊन नागपुरात आलात, मुलगी शाळेत फुटबॉल खेळते, टीव्हीवर युरोपातले सामने बघते, आणि तिला इथला एखादा खरा सामना दाखवायचाय. बघण्यासारखं काही असतं का, दिवस कसा जातो, आणि मुलीला तिथे नेणं बरं का?

न्या. बिनधास्त न्या. फक्त पहिल्याच खेपेला फायनलला नेऊ नका, आणि शहराला लागूनच्या कामठीचे दोन संघ समोरासमोर असतील त्या दिवशी तर मुळीच नको. लीगमधला, म्हणजे इथल्या क्लबांच्या साखळी स्पर्धेतला, मधला एखादा साधा सामना निवडा.

मी लहानपणापासून एकाच क्लबच्या मागे आहे. कोणत्या ते सांगत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये आत्ताच सामना सुरू होईल. बाहेरच्यांना नागपूर म्हटलं की जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम आठवतं, आणि विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीनदा रणजी जिंकल्यावर ते चुकीचंही म्हणता येत नाही. पण शहराच्या उत्तरेला कामठी रोड धरून जसजसे पुढे जाल तसतशी क्रिकेटची पकड सुटत जाते. कामठीची छावणी 1821 ची. फुटबॉल तिथल्या पलटणींमुळे रुजला असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. रब्बानी क्लब तिथलाच. शहरात यंग मुस्लिम, राहुल क्लब, रेल्वेचा संघ, पोलिसांचा संघ ही नावं तुमच्या कानावर पडतीलच. विजय बारसे सरांनी 2001 मध्ये वस्तीतल्या पोरांसाठी सुरू केलेलं काम, म्हणजे आजचं स्लम सॉकर, ते तर ‘झुंड’ सिनेमामुळे घरोघरी पोचलंय. पण ती वेगळी गोष्ट आहे. लीगचं जग त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

टीव्हीवर ‘होम मॅच’ म्हणजे आपलं स्टेडियम, आपली जर्सी, आपलं गाणं. इथे क्लबांची स्वतःची स्टेडियमं नाहीत. लीगचे सामने बहुतेक एखाद्याच मैदानावर ओळीने होतात, तेव्हा सामना घरचा की परका हे लाइनीवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, कोणाची माणसं जास्त आलीत त्यावर ठरतं. म्हणून आमचा दिवस मैदानावर नाही, फोनवर सुरू होतो. सकाळी तर्री पोहे खाताना पहिला प्रश्न असतो, ‘आज कोण कोण येऊन राहिला?’ प्रेक्षकांचं नाही विचारत, खेळाडूंचं. आमच्या पोरांना नोकऱ्या आहेत, परीक्षा आहेत. सेंटर-बॅक, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, रात्रपाळी करून आला असेल तर तो सत्तराव्या मिनिटाला वळताना उशीर करणार, हे आम्हाला सकाळीच ठाऊक असतं. स्ट्रायकरच्या साहेबाने सुट्टी दिली नाही म्हणून आख्खा प्लॅन बदललेला मी पाहिलाय. युरोपातल्या संघाची यादी वाचताना हे दिसत नाही, आणि माझ्या मते अर्धी मजा इथेच आहे.

मोतीबागच्या रेल्वे मैदानावर सामना असेल तर मेट्रोच्या ऑरेंज लाइनने कडबी चौकाला उतरा. तिथेच नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय आहे, लवकर पोचलात तर मुलीला जुनी इंजिनं दाखवून आणा. टोपी आणि पाणी घ्या. मी ज्या लीग सामन्यांना जातो तिथे तिकीट नसतं, आणि खुर्चीची आशाही ठेवू नका.

टॉस चुकवू नका. लोक तेव्हा चहा शोधत असतात आणि एक गंमत हुकते. 2019 पासून टॉस जिंकणाऱ्याला निवड असते, पहिली किक घ्यायची की कोणत्या गोलवर चढायचं ते ठरवायचं. हिवाळ्यात आमच्याकडे साडेतीनला सामना सुरू झाला तर पंचेचाळीस-पंचेचाळीस आणि मधली पंधरा धरून सव्वापाच होतातच, वर वाया गेलेला वेळ. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. मैदान पूर्व-पश्चिम असेल तर दुसऱ्या हाफमध्ये पूर्वेकडच्या गोलकीपरच्या थेट डोळ्यांत ऊन. शहाणा कॅप्टन पहिल्या हाफमध्ये पश्चिमेच्या गोलवर चढायचं मागतो. त्याचा कीपर ऊन जरा वर असताना सोसून घेतो, आणि शेवटी समोरचा बिचारा हात कपाळावर धरून कॉर्नर खेळतो. मग आमचे लोक एकसारखे उंच बॉल टाका म्हणून ओरडत सुटतात.

आता उभं कुठे राहायचं. मधल्या रेषेजवळ गर्दी असते, तिथे नको. तुमचा संघ ज्या बाजूने बचाव करतोय तिकडच्या टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या लांब कडेला, गोलसमोरच्या बॉक्सच्या सरळ रेषेत उभे राहा. तिथून जे ऐकू येतं ते कुठल्याही टीव्हीवर येत नाही. मैदानाची बोली हिंदी, घरी पोरं मराठी बोलत असली तरी. ‘अकेला!’ म्हणजे तुझ्यामागे कोणी नाही, बॉल घे आणि वळ. ‘आया!’ म्हणजे वळू नको, एका टचमध्ये दे. ‘छोड!’ ही कीपरची हाक, ती आली की बॅकने पाय काढायचा. आमचा कीपर बारीक चणीचा आहे, पण आवाज असा की रस्त्यावरचा ऑटोवाला मान वळवून बघतो. मागे गोलची जाळी दोन ठिकाणी सुतळीने बांधलेली, समोर तो सतत बोलत असतो, बॉल पलीकडच्या टोकाला असतानाही. ‘लाइन! लाइन! उपर आ!’ आणि चार बॅक तीन पावलं पुढे. समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड होतो, म्हणजे पास सुटताना आमच्या शेवटच्या बॅकच्या पलीकडे सापडतो, तो या तीन पावलांमुळे. तुमच्या मुलीने हे एकदा डोळ्याने पाहिलं की प्रशिक्षकांनी फळ्यावर काढलेले बाण तिला कळतील.

जमिनीकडेही लक्ष द्यायला सांगा. विदर्भातली काळी माती पावसात बुटाला चिकटते आणि उन्हाळ्याकडे जाता जाता दगड होते. गोलसमोर आणि मध्यभागी गवत टिकत नाही. अशा जागी बॉल टप्पा घेऊन छातीपर्यंत येतो, म्हणून इथली चांगली पोरं पहिला टच मांडीवर किंवा छातीवर घेतात. त्याला कोणी गावठी म्हणालं तर मला राग येतो.

हाफटाइमला संत्री. हिवाळ्यात आंबिया बहाराची (संत्र्याच्या दोन हंगामांपैकी एक) असतात, एखादा काका पिशवी भरून आणतो आणि खेळाडूंच्या आधी लाइनीवरच संपतात.

दुसऱ्या हाफमध्ये आघाडीवरचा संघ वेळ काढू लागला की लोक मोठ्याने मोजायला लागतात. कीपरने बॉल हातात आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर, हा 2025 चा नवा नियम. आधी सहा सेकंदांची मर्यादा होती आणि इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत) मिळायची, पण ती देणारा रेफरी क्वचितच दिसायचा. आमच्यातले म्हातारे अजून सहालाच थांबतात आणि ‘का बे, शिट्टी कुठे गेली?’ म्हणून रेफरीच्या नावाने बोंबलतात.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. शिव्या ऐकू येतील. लाइन्समनला सर्वात जास्त, कारण तो हाताच्या अंतरावर असतो. पण लहान मूल दिसलं की आमच्याकडे कोणीतरी ‘ए, पोरगी उभी आहे बे’ म्हणतोच आणि दहा मिनिटं तरी भाषा सुधारते. दुसरं, लाइनीवर बायका-मुली थोड्या असतात, आणि स्वच्छतागृहाचा भरवसा नसतो. मेट्रो स्टेशनवरच उरकून घ्या. याबाबत क्लबवाल्यांना, म्हणजे आम्हालाच, लाज वाटायला हवी. मुली लाइनीवर यायला हव्या असतील तर आधी ही सोय, भाषणं नंतर.

सामना संपल्यावर लगेच पळू नका. खेळाडू बूट सोडत बसतात तेव्हा कोणीही जाऊन बोलू शकतं. आमचे पोरं लाजतात, पण एखादी मुलगी ‘तुम्ही तो पास कसा दिला’ असं विचारायला आली तर उठून परत करून दाखवतील.

तारखा स्थानिक पेपरच्या क्रीडा पानावर येतात, पण वेळ आयत्या वेळी बदलते, म्हणून निघण्याआधी एखाद्या क्लबवाल्याला फोन करून खात्री करा. मुलगी कोणत्या जागेवर खेळते ते तुम्ही लिहिलं नाही. बॅक असेल तर वर सांगितलेल्या जागी उभी करा. विंगला, म्हणजे कडेने, खेळत असेल तर पहिली दहा मिनिटं तिला बॉल बघूच देऊ नका, फक्त आपल्या विंगरकडे बघ म्हणा: बॉल नसताना तो कुठे चालतो, केव्हा थांबतो, केव्हा सुटतो. आणि कीपर असेल तर गोलच्या मागे, पोस्टपासून जरा बाजूला उभं करा, आणि बॉल बाहेर आला की तिलाच उचलून द्यायला सांगा. त्या कामाला आमच्याकडे नेहमी माणूस कमी पडतो.