बोअरच्या पाण्यावर चाललेल्या गाडीचा रेडिएटर घरी फ्लश करता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: जुनी १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलेलं, रेडिएटरमध्ये तांबूस गढूळ पाणी दिसतंय. घरी फ्लश करता येईल का (म्हणजे आतलं पाणी काढून सिस्टिम धुता येईल का), आणि टॉयलेट क्लीनर टाकून साफ होईल का?

घरी करता येतं. टॉयलेट क्लीनर मात्र अजिबात नको. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. आजचे रेडिएटर ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्यांचे असतात, त्या ॲसिडने क्षाराआधी नळ्याच खाल्ल्या जातात.

सुरू करण्याआधी ऑइलचं झाकण उघडून आतून पाहा. तिथे दुधाळ साय जमली असेल, किंवा थंड इंजिन रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी) गेल्याची शंका घ्या. फ्लश करून तो आजार जात नाही. झाकण गरम इंजिनवर उघडू नका. आत दाब असतो, पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं; झाकण फिरवलं की ते एका क्षणात उकळून अंगावर येतं.

बहुतेकांचं गणित चुकतं ते राहिलेल्या पाण्याचं. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता बघा. समजा ती ४.५ लिटर आहे. रेडिएटरचा खालचा ड्रेन प्लग उघडला की जेमतेम ३ लिटर बाहेर येतं. उरलेलं दीड लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत बसून राहतं. म्हणजे एका निचऱ्यात एक तृतीयांश घाण आतच राहते. एकदा पाणी भरून, गाडी चालू करून पुन्हा काढलं की एक नवमांश, आणखी एकदा केलं की सत्ताविसावा भाग. म्हणून एका फेरीत समाधान मानायचं नाही. काढलेलं पाणी बादलीत मोजा, म्हणजे तुमच्या गाडीचा आकडा तुम्हाला कळेल.

ड्रेन प्लग प्लास्टिकचा असतो, पक्कड लावली की तुटतो. हाताने फिरत नसेल तर नाद सोडा आणि खालच्या होजची क्लिप सरकवून होज काढा. पाणीही जास्त निघतं. ओव्हरफ्लोची बाटली वेगळी काढून धुवा, तळाशी गाळ असतोच.

मग पाणी भरा, एसीचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा (काही गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह त्याशिवाय उघडत नाही) आणि इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोपर्यंत रेडिएटरमधलं पाणी आणि ब्लॉकमधलं पाणी नीट मिसळतच नाही, त्यामुळे पाच मिनिटं इंजिन चालवून पाणी काढण्यात काही अर्थ नाही. वरचा होज गरम होऊन फॅन एकदा लागला पाहिजे. नंतर इंजिन बंद, पूर्ण थंड, मग निचरा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड वाकू शकतं, तडाही जाऊ शकतो. एवढ्यासाठीच या कामाला अख्खा रविवार लागतो.

पहिल्या दोन फेऱ्यांना नळाचं पाणी चालेल, तेही धरणाचं असेल तर. मुंबई-पुण्याकडे ते बऱ्यापैकी मऊ असतं. बोअरचं नको, त्यानेच तर हे झालंय. नंतरच्या दोन फेऱ्या डिस्टिल्ड वॉटरच्या, बॅटरीच्या दुकानात मिळतं त्याच. पाच लिटरचे दोन कॅन पुरतात. दोन फेऱ्यांनंतरही पाणी तांबूसच येत असेल तर ॲल्युमिनियमला चालतो असं लेबलवर लिहिलेला रेडिएटर फ्लश (साफ करायचं तयार द्रावण) वापरा, लिहिलेल्या वेळेपुरताच, आणि त्यानंतर साध्या पाण्याच्या फेऱ्या पुन्हा करा.

आता भरणं. तयार मिश्रणाचा, म्हणजे प्रीमिक्स कूलंटचा कॅन आणू नका. आत दीड लिटर पाणी आधीच आहे. वर ३ लिटर प्रीमिक्स घातलं तर कूलंटचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ३३ वर येतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणा. एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे २.२५ लिटर, आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्डने भरा. आपल्याकडे बर्फाचा प्रश्न नाही, पण गंज रोखणारी रसायनं कूलंटमधूनच मिळतात. ‘जास्त घातलं तर जास्त थंड’ हाही गैरसमज आहे. कूलंटमधला मुख्य घटक, ग्लायकॉल, पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. कूलंट कोणतं, हे रंगावरून ठरवू नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने देते, मॅन्युअलमधला प्रकार बघा. जपानी पद्धतीच्या बऱ्याच कूलंटमध्ये फॉस्फेट असतं, ते कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून क्षार धरतं, म्हणून पुढेही वरून भरताना नळाचं पाणी नको.

हवा काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर सैल करा, हळूहळू ओता. झाकण उघडं, हीटर गरमवर, इंजिन आयडलवर. थर्मोस्टॅट उघडला की पातळी अचानक खाली जाते, पुन्हा भरा. फॅन दोनदा लागून बंद झाला आणि बुडबुडे थांबले की इंजिन बंद करा, निवल्यावर पातळी पाहून झाकण लावा. नंतर डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली तर हीटरमध्ये हवा अडकलीय.

एवढं केल्यावर जुनं झाकण परत लावू नका. त्याची किंमत फार नसते, पण ०.९ किंवा १.१ असा जो दाब त्यावर छापलाय त्याच आकड्याचं घ्या. दाब धरत नसेल तर घाटात पाणी लवकर उकळतं. उलट निवल्यावर वरचा होज आत चेपलेला दिसला तर झाकणातला छोटा व्हॅक्युम व्हॉल्व्ह अडकलेला असतो.

कोणी थर्मोस्टॅट काढूनच टाकायला सांगेल, ‘आपल्या हवेत लागत नाही’ म्हणून. ऐकू नका. इंजिन तापायला वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये ओलावा साठतो. खराब झाला असेल तर नवा बसवा.

फ्लशनंतर एखादी गळती उघडी पडू शकते, कारण तिथलं भोक क्षारानेच बुजवलेलं असतं. तेव्हा हळद किंवा स्टॉप-लीक पावडर टाकायचा मोह होईल. हायवेवर अडकलात तर गोष्ट वेगळी, पण ती पावडर हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. वॉटर पंपाखाली वाळलेला रंगीत डाग दिसला तर पंपाचं सील गेलंय.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून मुलांपासून दूर ठेवा आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या वर्कशॉपला विचारून तिथे द्या. पुढचा आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिनवर बाटलीतली पातळी पाहा. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी उतरेल, तेवढी अर्धं कूलंट-अर्धं डिस्टिल्ड घालून भरा. त्यानंतरही उतरत राहिली तर सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या.