मंगोलियाची राजधानी इतकी थंड असूनही तिथली हवा इतकी वाईट का? थंडी आणि धूर मिळून आरोग्याचं काय होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: बर्फाळ आणि विरळ वस्तीच्या देशात हवा स्वच्छ असायला हवी, मग उलानबातरचं नाव दर हिवाळ्यात जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांमध्ये का येतं? आणि नवऱ्याची तिथे बदली होतेय, तर पाच वर्षांच्या मुलीला न्यावं का? मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आणि त्या शहरातले काही हिवाळे काढले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुद्दा आधीच सांगते. तिथे थंडी आणि प्रदूषण ही दोन वेगळी संकटं नाहीत. घर गरम ठेवायला कोळसा जाळावा लागतो, त्याचा धूर थंडीमुळे वर जात नाही, आणि थंडीमुळेच माणसं दारं-खिडक्या लावून त्या धुरात बसतात. म्हणून तिथल्या आजारांवरचा उपाय शोधताना धुराड्यापेक्षा आधी घराच्या भिंतींकडे बघावं लागतं.

उलानबातर साधारण १,३०० मीटर उंचीवर, तूल नदीच्या खोऱ्यात वसलंय आणि चहूबाजूंनी डोंगर आहेत. जानेवारीत रात्रीचा पारा उणे ३० च्या खाली जाणं नेहमीचं. हिवाळ्यात सायबेरियाकडचा जास्त दाबाचा पट्टा मंगोलियावर ठाण मांडून बसतो. आकाश निरभ्र असतं, वारा जवळजवळ नसतो. अशा रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड आणि जड होते, आणि वरचा उबदार थर खोऱ्यावर झाकणासारखा बसतो. खालचा धूर तिथेच साचत राहतो. आपल्याकडेही हिवाळ्यात शहरांची हवा बिघडते ती काही अंशी याच कारणाने, पण तिथे हा प्रकार कित्येक महिने चालतो.

आता धूर येतो कुठून, ते. शहरात सोळा-सतरा लाख माणसं राहतात, म्हणजे देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या. त्यांतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना औष्णिक वीज केंद्रांतून पाइपांनी आलेल्या गरम पाण्याची ऊब मिळते, १५ सप्टेंबर ते १५ मे. उरलेल्या, म्हणजे शहरातल्या निम्म्याहून अधिक, लोकांकडे हे पाइप पोहोचलेलेच नाहीत. ते डोंगरउतारांवरच्या ‘गेर’ वस्त्यांत राहतात. गेर म्हणजे लाकडी सांगाड्यावर बुरणुसाचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, थर चढवलेला गोल तंबू. मधोमध लोखंडी चूल आणि छतातून बाहेर काढलेलं धुराडं. शेजारी विटांची किंवा लाकडाची छोटी घरंही असतात, आणि त्यांतली बरीच गेरपेक्षाही जास्त गळकी, म्हणजे ऊब बाहेर सोडणारी.

ही माणसं हौसेने तिथे आलेली नाहीत. उन्हाळ्यातल्या दुष्काळानंतर कडक हिवाळा आला की गवत मिळत नाही आणि जनावरं उभ्या उभ्या मरतात. मंगोलियात याला झुद म्हणतात. १९९९ ते २००२ असे लागोपाठ झुद झाले. २००९-१० च्या झुदमध्ये ऐंशी लाखांहून जास्त जनावरं गेली, २०२३-२४ मध्ये पुन्हा सत्तर लाखांहून जास्त. कळप संपलेला पशुपालक तंबू गुंडाळून राजधानीच्या कडेला येतो. २०१७ मध्ये शहराने बाहेरून येणाऱ्यांची नोंदणीच बंद केली. लोक यायचे थांबले नाहीत. नोंदणी नसल्यामुळे सरकारी सोयी मात्र त्यांच्यापासून आणखी लांब गेल्या. मला हा निर्णय तेव्हाही निष्ठुर वाटला होता आणि आजही वाटतो.

कोळशाची चूल तास-दोन तासांत मंदावते. उणे ३० मध्ये ती विझून चालत नाही, म्हणून घरातलं कुणीतरी रात्रीतून उठून पुन्हा कोळसा टाकतं. त्यामुळे तिथे धूर संध्याकाळी लोक घरी परतल्यावर चढतो आणि पहाटे पुन्हा चढतो. ३० जानेवारी २०१८ रोजी पहाटे पाच वाजता शहरात पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, प्रमाण घनमीटरला ३,३२० मायक्रोग्रॅम नोंदलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेची तेव्हाची दिवसाची मर्यादा २५ होती, आता ती १५ आहे.

शरीरावरचे परिणाम सांगताना थंडी आणि धूर वेगळे करून बघणं उपयोगी पडतं. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त किंचित दाट होतं आणि गुठळी धरण्याची शक्यता वाढते. हिवाळ्यात हृदयविकार आणि पक्षाघात वाढतात ते यामुळे. पण बाहेरचा पारा किती खाली गेला यावर हे सगळं ठरत नाही. १९९७ च्या एका युरोपीय अभ्यासात असं दिसलं, की तापमान १८ अंशांखाली एकेक अंश उतरताना अथेन्समध्ये मृत्यू सुमारे दोन टक्क्यांनी वाढत होते, तर दक्षिण फिनलंडमध्ये जेमतेम पाव टक्क्याने. सायबेरियातल्या याकुत्स्कवरचा १९९८ चा अभ्यास तर याहून बोलका आहे. तिथे पारा उणे ४८ पर्यंत उतरला तरी हृदयविकाराच्या मृत्यूंवर फरक दिसला नाही. घरं आतून उबदार होती आणि माणसं कपड्यांचे थरावर थर चढवूनच बाहेर पडत होती. मला या दोन अभ्यासांचं मोल फार वाटतं. कडाक्याची थंडी आपोआप माणसं मारत नाही, थंड घर मारतं. जागतिक आरोग्य संघटनाही घरात किमान १८ अंश तापमान असावं असं सांगते.

उलानबातरच्या वस्त्यांत ही ऊब धुराच्या मोबदल्यात मिळते, आणि धूर नेमका त्याच जागी घाव घालतो. पीएम २.५ चे कण फुप्फुसांच्या तळाशी जातात, दाह निर्माण करतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात. म्हणजे थंडीने ताणलेल्या हृदयावर दुसरा भार. श्वासनलिकेचंही तसंच. कोरड्या, गार हवेने तिचं अस्तर सुकतं, आणि कण-जंतू बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस मंदावतात. मग आत गेलेला धूर आत राहतो, फ्लूसारखे विषाणूही थंड-कोरड्या हवेत जास्त टिकतात, आणि एका खोलीत सगळं कुटुंब असल्यामुळे एकाचा खोकला सगळ्यांना होतो. लहान मुलांचा न्यूमोनिया हा तिथला खरा घोर आहे. युनिसेफने २०१८ मध्ये मांडलेल्या अहवालात दहा वर्षांत श्वसनसंसर्गाच्या नोंदी २७० टक्क्यांनी वाढल्याचं आणि शहरातल्या एका अतिप्रदूषित भागातल्या मुलांच्या फुप्फुसांची क्षमता ग्रामीण मुलांपेक्षा ४० टक्के कमी असल्याचं म्हटलं होतं. जानेवारीत तिथल्या बालरोग विभागांत एका खाटेवर दोन मुलं दिसली तर कुणाला नवल वाटत नाही.

गर्भावरचा परिणाम माझ्या मते सर्वांत कमी बोलला जातो. शहरातल्या २००९ ते २०११ च्या नोंदींवरच्या एका अभ्यासात मे २०११ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे २३ गर्भ दगावल्याची नोंद होती, तर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ७३. यात सगळा दोष धुराचाच असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण हिवाळ्याबरोबर इतरही गोष्टी बदलतात. म्हणून पुढचा प्रयोग महत्त्वाचा. २०१४-१५ मध्ये ५४० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना घरात हेपा फिल्टरची, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या गाळणीची, हवा शुद्ध करणारी यंत्रं दिली. घरातले सूक्ष्म कण सुमारे २९ टक्क्यांनी घटले. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं वजन सरासरी ८५ ग्रॅमने जास्त भरलं, आणि ती मुलं चार वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक चाचणीत सरासरी २.८ गुणांनी पुढे होती. या बायका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या होत्या, चुलीजवळ बसणाऱ्या नव्हत्या, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगते.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २०१६-१७ च्या हिवाळ्यात आई-बाप कडाक्याच्या थंडीत चौकात निदर्शनं करायला उतरले होते. गेर वस्त्यांना रात्रीची वीज मोफत झाली, आणि १५ मे २०१९ पासून शहराच्या मध्यवर्ती जिल्ह्यांत कच्चा कोळसा जाळायला बंदी आली. त्याऐवजी प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या दाबलेल्या विटा मिळू लागल्या. बंदीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात काळा धूर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला आणि कणांचं प्रमाणही लक्षणीय घटलं. पण जुन्या चुली आणि तुंबलेली धुराडी तशीच होती, नवा कोळसा कसा पेटवायचा हे घरोघरी नीट शिकवलं नव्हतं, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊन शेकडो लोक रुग्णालयात गेले, काही दगावले. या वायूला वास नाही, रंग नाही. आपल्याकडे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं जातात तीही यानेच. सल्फर डायऑक्साइडही नंतर वाढलेला आढळला. बंदी हवीच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण इंधन बदललं आणि घर तसंच गळकं ठेवलं, तर कुटुंबाला तितकंच जाळावं लागणार. गेरवर उष्णतारोधक थरांचं जादा आवरण, चांगला दरवाजा, जमिनीखाली थर आणि विजेचा हीटर असा संच देण्याचं काम युनिसेफने सुरू केलंय. मला सगळ्यांत जास्त आशा त्यातच वाटते, कारण त्यात ऊब वाढते आणि जाळणं थांबतं. वेग मात्र फार कमी आहे, आणि इतके हीटर पेलायला वस्तीतल्या वीजवाहिन्या बळकट नाहीत.

तुमच्या मुलीबद्दल. तिला दमा असेल किंवा वारंवार छाती भरत असेल, तर ऑक्टोबर ते मार्च तिला तिथे नेऊ नका, असं मी सांगेन. तब्येत ठणठणीत असेल तर नेता येईल, पण तयारीने. आणि तुम्ही गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर निदान हिवाळ्याचे महिने भारतातच काढा.

घर फ्लॅटमध्येच घ्या, शक्यतो शहराच्या दक्षिणेला, झाइसानच्या बाजूला. उत्तरेकडच्या गेर वस्त्यांपासून ते लांब पडतं. खिडक्यांच्या फटी पट्टीने बंद करा. मुलगी झोपते त्या खोलीत हेपा फिल्टरचं यंत्र पूर्ण वेळ चालू राहू द्या आणि फिल्टर वेळेवर बदला, तिथे तो लवकर काळा होतो. खोलीला हवा द्यायची तर दुपारी, प्रदूषणाचे आकडे खाली आल्यावर द्या, पहाटे नाही. तापवलेल्या घरातली हवा इतकी कोरडी असते की मुलांच्या नाकातून रक्त येतं, म्हणून खोलीत ओलावा देणारं यंत्र किंवा निदान ओले टॉवेल ठेवा. बाहेर पडताना तिच्या चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ मास्क हवा. नुसत्या लोकरी मफलरने गारवा अडतो, कण अडत नाहीत.

जाण्याआधी फ्लूची आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूविरुद्धची) लस द्या. ड जीवनसत्त्वाबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा, कारण तिथल्या हिवाळ्यात ऊन अंगाला लागतच नाही आणि मंगोलियन मुलांत त्याची कमतरता फार आढळते. मात्र ती गोळी धुरापासून छातीचं रक्षण करेल अशी अपेक्षा ठेवू नका. मंगोलियातल्याच ८,८५१ शाळकरी मुलांवरच्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, ड जीवनसत्त्वाने क्षयाचा, म्हणजे छातीच्याच एका रोगाचा, संसर्गही टळला नाही. शनिवार-रविवारी जमेल तेव्हा शहराबाहेरच्या तेरेल्ज राष्ट्रीय उद्यानाकडे जा. तासा-दीड तासात हवा पूर्ण बदलते आणि मुलं बर्फात मनसोक्त खेळतात. तिथे गेरमध्ये मुक्काम केलात तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत न्या.

शाळा ठरवताना दोनच गोष्टी विचारा: वर्गात हवा शुद्ध करणारी यंत्रं आहेत का, आणि हवेचा आकडा किती चढला की मुलांना मैदानावर सोडत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाला नेमका आकडा सांगणारी शाळा मिळाली तर ती घ्या. मे ते सप्टेंबर हवा छान असते, तेव्हा बदलीची तारीख हातात असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीची मागा, म्हणजे पहिल्या हिवाळ्याआधी घर लावायला चार महिने मिळतील.